न मोडलेल्या घडीचा बाक

१

"सरक आये! न्हाईतर तुझ्यासकट तोडीन!"

"तोड की. आदी माझ्या पाठीत घाल, मग बाकाला."

भर दुपारी, माझ्याच पत्र्याच्या शेडमध्ये, माझाच पोरगा माझ्यासमोर कुऱ्हाड घेऊन उभा होता. कपिल त्याचं नाव. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर आहे. टँकर वाटेतच सोडून धावत आला होता, इंजिन बाहेर धडधडत होतं, आणि घागरी घेतलेल्या बाया टँकरला वेढा घालायचा सोडून शेडच्या दाराशी जमल्या होत्या. जत तालुक्यात उन्हाळ्यात बाया पाणी सोडून दुसरं काही बघायला येतात, म्हणजे आत काय चाललं असेल ते समजून घ्या.

माझ्या पाठीला लागून सुतारकामाचा घडीचा बाक होता. बाकापलीकडे माझी सून अक्षता. तिचा उजवा हात मनगटापर्यंत बाकाच्या दोन फळ्यांच्या फटीत गेलेला.

मी सांगलीहून परत आले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. एस.टी.तून उतरून बोळात शिरले तोच अक्षताची किंचाळी ऐकली. कपिलनं पहिला घाव घातला होता. घाव बसला फळीच्या टोकाला, तिच्या हातापासून चांगला हातभर लांब. लागला लाकडाला आणि किंचाळली ती.

"तिला लागलंच न्हाई! घाबरून वरडली ती!" कपिल म्हणाला.

"मग आता मार. बघू वरडती का."

त्यानं मारलं नाही. कुऱ्हाडही खाली ठेवली नाही.

"सगळं तुझ्यामुळं झालंय. चांगली पोरगी आणली मी घरात. तू तिला सुतार केलीस. लोक हसत्यात मला."

"हसणाऱ्यांच्या खाटा मी दुरुस्त केल्यात. त्यांची नावं सांग, खाटंचा पाय काढून आणते."

अक्षता आमच्याकडे बघत होती. तोंडावर घाम नाही, ओढाताण नाही. चूल पेटायची वाट बघत बाई उभी राहते, तशी उभी.

"आत्याबाई," ती म्हणाली, "भांडू नगासा. मला दुखत न्हाई."

त्या कुऱ्हाडीला मी भ्याले नव्हते. ह्या बोलण्याला भ्याले.

२

मी भामाबाई. भुताखेतावर माझा विश्वास नाही, आज हे लिहितानाही नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत भरले तेव्हा ती टोपली मीच डोक्यावर घेऊन विहिरीपर्यंत गेले होते. मागं वळून बघितलं नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर विचारलेलं आहे की बाई, तुझ्या अंगात येणारीला हिशोब का येत नाही. तेव्हा मी घाबरट आहे असं कुणी म्हणू नये.

सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही. गावच्या सुतारमेटावर, सुतार काम करत बसतात तिथं, आमच्या वस्तीतल्या माणसानं उभं राहायचं ते लांब, आणि बाईनं तर उभंच राहायचं नाही. मी लांबून बघितलं. खोकी फोडून परत जोडली. बोटं फोडून घेतली. रंधा कसा धरायचा हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा गेला. हात धरून दाखवलं असतं तर एका सकाळचं काम होतं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

म्हणून अक्षताला मी शिकवलं. तिला आवड होती. पटाशी हातात घेतली की तिचा श्वास बदलायचा. माझ्या माघारी हे काम तिच्या हातात राहणार होतं. दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या हाताशिवाय मला दुसरी काळजीही नव्हती.

आता बाक. आम्ही लोक जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पायाखाली दाबायचं, अंगठ्यानं धरायचं आणि कापायचं. पाय हाच आमचा शिकंजा. पण माझे गुडघे गेले. बसले की उठायला दोन माणसं लागायची. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की उभ्यानं काम करायचा बाक घ्यायचा.

सांगलीला भरतेश म्हणून एकजण जुना माल विकतो. बंगल्यांतलं, हॉटेलांतलं मोडकं-तोडकं आणतो. मला 'आजी' म्हणतो आणि भाव मात्र नातवासारखा लावत नाही. त्याच्याकडे भिंतीला टेकवलेला तो बाक दिसला. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्यातून आलेला, बाहेरच्या देशात बनलेला. वर दोन जाड फळ्या, त्यांच्यात फट, खाली दोन मुठी. मुठी फिरवल्या की फळ्या जवळ येतात आणि लाकूड मधे आवळलं जातं. लोखंडी पाय आत मिटले की अख्खा बाक पेटीसारखा सपाट.

"आजी, घडी मोडल्याली न्हाई बघा अजून," भरतेश म्हणाला.

मी खूश झाले. भावाची भांडाभांडी झाली, ती मी जिंकले, आणि बाक एस.टी.च्या टपावर टाकून जतला आणला.

३

आमच्यात नवं लुगडं आलं की घरधनीण ते आधी स्वतः नेसत नाही. जिच्यावर जीव आहे तिला देते. "घडी मोडून दे गं," म्हणते. ती एक दिवस नेसते, परत देते. मग लुगडं चांगलं टिकतं म्हणतात. टिकतं का ते मला माहीत नाही, पण देण्यात गोडी आहे.

बाक शेडमध्ये आणला आणि मी अक्षताला हाक मारली. "ये पोरी. घडी मोड."

"आवं आत्याबाई, ते काय लुगडं हाय?"

"नव्या वस्तूची घडी घरच्या पोरीनं मोडावी. वढ."

बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. रॉकेल सोडायला लागणार म्हणून मी बाटली शोधायला वळले. मागं आवाजसुद्धा झाला नाही. वळून बघते तर बाक पायांवर उभा आणि अक्षता हसतेय.

"किती हलका हाय वो."

मी जवळ गेले आणि माझं डोकं फिरलं. बाक वापरलेला होता. करवतीची खूण कुठं नव्हती, पटाशीचा टोचा नव्हता. पण पुढच्या फळीची आतली कड एका जागी झिजलेली होती. चार बोटांची जागा. देवळाच्या दाराची चौकट माणसं धरून धरून झिजते, तशी गुळगुळीत. आणि झीज वरून नव्हती. खालून वर आलेली होती.

"फसवलं त्या भरतेशनं," मी म्हणाले. "घडी मोडली न्हाई म्हनं!"

अक्षतानं त्या चार खाचांत आपली चार बोटं ठेवून बघितली. बरोब्बर बसली.

४

वस्तू वाईट निघाली की मी रडत बसत नाही, दुरुस्त करते. गंज रॉकेलनं घासला. मुठींच्या आट्यांना ग्रीस लावलं, ते कपिलच्या टँकरचं. झिजलेली फळी काढून चुलीत घातली आणि तिथं बाभळीची नवी फळी बसवली, माझ्या हातानं रंधलेली, आरशासारखी.

बाकानं काम मात्र छान द्यायला सुरुवात केली. लाकूड फटीत ठेवलं की मूठ फिरवायच्या आधीच धरलं जायचं. मी म्हणाले, महाबळेश्वरच्या पावसात फुगलेलं लाकूड आमच्या कोरड्या उन्हात आकसून वाकतंय, फट आपोआप कमी होतेय. हे खरंच असतं, लाकूड असं वागतं. पण वाकलेली फळी आपोआप परत सरळ होत नाही. ही व्हायची. काम झालं की लाकूड मोकळं.

करवत चालवताना तर आणखी एक जाणवायचं. दोघांनी मिळून ओंडका कापताना समोरचा माणूस आपल्या ओढीला ओढ देतो ना, तसं. मी ढकलायची आणि लाकूड किंचित पुढं यायचं. मी थांबले की थांबायचं.

"पलीकडनं कुनीतरी चांगलं धरतंय," अक्षता म्हणाली.

"आटे चांगले हायत," मी म्हणाले. "बाहेरचा माल हाय."

मग एका दुपारी लाईट गेली म्हणून मी हात पुसत बाकाला टेकले आणि बोटं सहज कडेखाली गेली. बाभळीच्या नव्या फळीला चार खाचा पडल्या होत्या.

बाभूळ! गाडीच्या चाकाला वापरतात ते लाकूड. माणसाच्या बोटांनी ते झिजायला पिढी जाईल.

मी पॉलिश पेपरनं खाचा घासल्या. रागानं घासल्या. खाली वाकून बघितलं, कुठं काही नाही, लोखंडी पाय आणि भुसा. उठताना हात लागला तर कड कोमट होती. पत्र्याखाली सगळंच तापतं, मी स्वतःला म्हणाले. पण रंधा गार होता.

५

अक्षताचं काम बदललं. मी तिला शिकवलेला सांधा साधा: एका लाकडाला कुसू म्हणजे जीभ, दुसऱ्याला साळ म्हणजे तिच्या मापाची खाच, ठोकून बसवायचं. ती आता काहीतरी वेगळंच करायला लागली. तीन तुकडे असे अडकवायची की खिळा नाही, पाचर नाही, आणि कुठून सुरू झालं ते दिसायचं नाही. मी तो सांधा उलटा-पालटा करून बघितला. मला तो सोडवता आला नाही. मला! चाळीस वर्षं खोकी फोडून शिकलेल्या बाईला!

"हे कुणी शिकवलं?"

ती लाजली. "असंच."

"असंच काय? मी न्हाई शिकवलं. मग कुणी?"

ती बाकाजवळ गेली आणि हात फटीत सोडून उभी राहिली. अलीकडं तिला ती सवयच लागली होती. जेवायला हाक मारली की ती तिथून येईपर्यंत भाकरी गार व्हायची. दुपारच्या वेळी ती शेडमध्ये हळू आवाजात बोलायची. मी गेले की गप्प.

"आत्याबाई, रागावू नगासा. हात धरून शिकवतंय."

माझ्या अंगाला काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. भीती होती, पण खाली. वर होता तो राग. मला जे जन्मात कुणी दिलं नाही ते हिला फुकट मिळतंय, आणि देणारा कोण, तर तोंड न दाखवणारा!

"आजपासनं बाक घडी करून ठेवायचा," मी म्हणाले.

आणि बाक मिटेना. पाय आत ढकलले तर अर्ध्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. अडकल्यासारखे नाही. दाराला पलीकडून कुणी पाठ लावून उभं असलं की दार जसं थोडं जातं आणि परत येतं, तसे. मी सगळा जोर लावला. बाकानंही लावला. आवाज कसलाच नाही. फक्त माझा श्वास. आणि मी श्वास रोखला तेव्हाही ऐकू येत राहिलेला एक.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी सांगलीला निघाले. अक्षताला बजावलं, शेडात पाऊल टाकायचं नाही.

६

भरतेशच्या दुकानात त्याची आई, गुणमाला, शेंगा फोडत बसली होती. मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"लबाडा! वापरल्याला माल घडी मोडली न्हाई म्हणून गळ्यात मारतोस?"

"आवं आजी, सावकाश. मी वापरला न्हाई असं कवा म्हणलो?"

"घडी मोडली न्हाई म्हणालास!"

"तेच की. घडी मोडली न्हाई म्हंजे घडी मोडली न्हाई. मिटल्याला आला, मिटल्यालाच विकला. मी अन् हमालानं पहारीनं वढून बघितला. उघडलाच न्हाई. म्हणून तर तुमी म्हणाला त्या भावात दिला न्हवं? मला वाटलं तुमी सुतारीण, खोलून फळ्या वापरशिला."

मी लुगड्याचं ऐकलं होतं, तो लोखंडाचं बोलला होता.

गुणमालाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती माझ्या हातांकडे बघत होती, तळव्यांकडे.

"उघडला का?" तिनं विचारलं.

"उघडला."

"तुमच्या हातनं?"

"सुनेच्या."

तिनं मान फिरवली आणि पोराला म्हणाली, "भरतेश, ह्यास्नी स्टँडवर सोड. लवकर सोड." शेंगा परत फोडायला घेतल्या तिनं, पण दाणे टरफलांत पडत होते. मी विचारलं, काय ठाऊक आहे तुम्हाला? ती म्हणाली, "मला काय ठाऊक असनार बाई. माल गाडीतनं उतरवला तवा मी नुसता हात लावला होता." आणि तिनं तो हात पदराला पुसला. मग पुन्हा पुसला.

७

मिरजेच्या पुढं सगळा रस्ता मी दात आवळून बसले होते. पुढचं तुम्हाला माहीत आहे: बोळ, किंचाळी, कुऱ्हाड. शेजारची धोंडुबाई शेडात डोकावली होती, तिनं अक्षताला सकाळपासून एकाच जागी उभी बघितलं आणि टँकर आल्यावर कपिलला सांगितलं.

"आये, शेवटचं सांगतो. सरक."

"थांब. मला खालनं बघू दे."

"खालनं काय बघतीस! हात अडकलाय तिचा!"

"मुठी सैल हायत रं आंधळ्या! बघ!" मी मूठ धरून फिरवली. गरागरा फिरली. फळ्या एकमेकींपासून बोटभर लांब होत्या. हात कशातच अडकलेला नव्हता. कपिलनं वाकून फटीत बघितलं.

"अक्षता," तो म्हणाला, "मग काढ की."

"सोडत न्हाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. "अजून थोडं राहिलंय म्हनतंय."

मी फळी धरून खाली वाकले. गुडघे करकरले. बाकाखाली पत्र्याच्या भोकातून ऊन येत होतं. फटीच्या लांबीभर उजेडाची रेघ होती आणि अक्षताचा हात होता तिथं ती तुटली होती. मनगट वरून आत जात होतं. खाली बोटं लोंबायला हवी होती. नव्हती.

मग भुशाकडं लक्ष गेलं. सगळीकडं ढलप्यांचा थर, आणि बाकाच्या मधोमध दोन जागा साफ. पावलांएवढ्या. टाचा माझ्याकडं, बोटं अक्षताकडं. मी बघत असतानाच एका जागेच्या कडेच्या ढलप्या दबल्या आणि दुसऱ्या जागेच्या सैल झाल्या. फार वेळ उभं राहून अवघडलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं, तशा.

मी उठले. कशी उठले ते माहीत नाही, त्या दिवशी दोन माणसं लागली नाहीत.

"काय दिसलं?" कपिलनं विचारलं.

"काय न्हाई."

"तोंड बघ तुझं, काय न्हाई म्हनं! आये, सरक. हात तुटला तर तुटू दे, बायको तरी ऱ्हाईल!"

त्यानं कुऱ्हाड डोक्याच्या वर नेली. दारातल्या बाया ओरडल्या. आणि माझा सगळा राग, सुतारमेटावरचा, भरतेशवरचा, ह्या मूर्ख पोरावरचा, एका जागी गोळा झाला.

"हात तुटू दे?" मी ओरडले. "तो हात मी घडवलाय! तुज्या बापाचा हाय व्हय?" आणि बाकाकडं वळून, भाड्याचं घर न सोडणाऱ्याशी बोलावं तशी बोलले. "आन तू ऐक. घडी मोडायला दिली म्हणून लुगडं तिचं होत न्हाई. हिनं मोडली, आता परत दे. धनीन मी हाय."

फळ्या हलल्या नाहीत. अक्षतानं मात्र पहिल्यांदा मान वर केली, झोपेतून कुणी नाव घेतल्यासारखी.

मी बाही वर सारली आणि माझा उजवा हात तिच्या हाताशेजारी फटीत घातला.

आत गार नव्हतं. ओलं नव्हतं. आधी अक्षताची बोटं लागली. त्यांच्यावर दुसरी होती. रुंद, कोरडी, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा असलेली. रंधा जिथं चावतो तिथंच, माझ्या हाताला आहे तिथंच. ती बोटं थांबली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी माझ्या तळव्यावरून फिरली, एकेक घट्टा बघत, एकेक जुनी जखम बघत. फार बारकाईनं बघितलं. एवढ्या बारकाईनं माझा हात कुणीही कधी बघितला नव्हता. मग ती मिटली, आणि माझा हात सावकाश खाली जायला लागला.

"म्हातारे, काय करतीस? आये!" कपिल ओरडत होता. "काढ! दोघी काढा! आये, ऐक माझं, मी काय म्हनतो—"

त्याच्याकडं न बघता मी सुनेला म्हणाले, "अक्षे, तू तुझा हात काढ आता, त्यानं माझा धरलाय."